आयर्विनला किती?

ऑगस्टात सांगलीत दोन माणसं भेटली की ख्यालीखुशालीच्या आधी एक प्रश्न होतो: "आयर्विनला किती?" उत्तर फुटांत येतं. कृष्णेवरच्या 1929 सालच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टात ते 57 फुटांच्याही पुढे गेलं. तेव्हा रात्री नदीकाठच्या घरांतली माणसं बॅटरी घेऊन दर अर्ध्या तासानं जिन्याशी जात होती. मघाशी तिसऱ्या पायरीला होतं, आता चौथीला. परत आत यायचं, अंग टाकायचं, डोळा लागायच्या आत पुन्हा उठायचं.

संगणकाच्या भाषेत या उठबशीला पोलिंग म्हणतात. दर थोड्या वेळानं आपणच जाऊन विचारायचं, काही झालं का? दुसरी रीत उलटी आहे. आपण आपलं काम करत राहायचं किंवा खुशाल झोपायचं, ज्याला सांगायचं आहे त्यानं येऊन कडी वाजवायची. या कडी वाजवण्याला इंटरप्ट म्हणतात. ती वाजल्यावर काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, हे ठरवतो ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल. लष्करातला नव्हे, बदामातल्या गरासारखा आत दडलेला.

या कडीचं सगळ्यात सोपं रूप बघायला संगणकापाशी जायची गरज नाही. सांगलीचं पाणी जिथून येतं त्या सातारा जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर, महाबळेश्वर-नवजा-कोयनानगरच्या बाजूला चला. पाऊस मोजायची जुनी पद्धत म्हणजे नळकांडं ठेवायचं आणि सकाळी साडेआठला जाऊन त्यातलं पाणी मापात ओतायचं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस आजही साडेआठलाच संपतो. हेही पोलिंगच, चोवीस तासांतून एकदा. पण डोंगरात रात्री दोनला ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, तर सकाळच्या साडेआठचा आकडा कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाखालच्या गावांच्या काय कामाचा? म्हणून जलसंपदा विभागानं कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस आणि पाणीपातळी आपोआप कळवणारी केंद्रं उभी केली.

स्वयंचलित पर्जन्यमापकाची सगळ्यात रूढ जात अगदी साधी आहे. नरसाळ्याखाली पाठीला पाठ लावलेले दोन छोटे कप्पे असतात आणि मधे आस. एक कप्पा भरला की वजनानं कलतो, रिकामा होतो आणि दुसरा धारेखाली येतो. एका कलण्याला अर्धा मिलिमीटर, काही यंत्रांत त्याहून कमी. कप्प्याला लोहचुंबक जोडलेलं असतं. ते काचेच्या बारीक नळीतल्या दोन पात्यांसमोरून सरकलं की पाती क्षणभर चिकटतात आणि वीज वाहते. हीच कडी.

ही कडी जिच्या दाराला असते ती चिप एरवी झोपलेली असते. कारण अगदी घरगुती आहे. केंद्र सौर पॅनेलवर चालतं आणि जुलैत नवजाला ऊन कुठून आणायचं? कप्पा हलला का, हलला का, असं चिप सेकंदाला हजार वेळा बघत बसली तर बॅटरी ऐन पावसाळ्यात मान टाकेल. म्हणून ती झोपते. वीज आली की जागी होते, मोजणीत एक मिळवते आणि पुन्हा झोपते. 23 जुलै 2021 च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594.4 मिलिमीटर पाऊस झाला. अर्ध्या मिलिमीटरच्या कप्प्यानं मोजायचा म्हटलं, तर साधारण 1,189 वेळा कलणं. तो भयंकर दिवससुद्धा चिपच्या हिशेबात सरासरी सव्वा मिनिटाला एक टकटक. बाकी वेळ गाढ झोप.

मोजणीत एक मिळवायचा, एवढंच. पण इंटरप्टचं काम करणाऱ्यांच्या झोपा उडवलेल्या आहेत त्या याच एकानं. एक म्हणजे, ती पाती चिकटताना थरथरतात. एका कलण्याला चार-पाच टकटक ऐकू येतात, म्हणून पहिली मोजून पुढचे काही मिलिसेकंद कानावर हात ठेवावा लागतो. दुसरी भानगड जास्त आतली. चिप आठ बिटांची असली तर 255 च्या वरचा आकडा तिला दोन घरांत ठेवावा लागतो. समजा मोजणी 255 वर आहे आणि मुख्य प्रोग्रॅम ती वाचायला आला. खालचं घर वाचलं, 255. तेवढ्यात कप्पा कलला. इंटरप्टनं मोजणी 256 केली, म्हणजे वरच्या घरात 1, खालच्यात 0. प्रोग्रॅम जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला आणि त्यानं वरचं घर वाचलं, 1. दोन्ही मिळून झाले 511. पडलेला पाऊस 128 मिलिमीटर, केंद्रानं कळवला 255.5! उपाय आहे, तो आकडा वाचून होईपर्यंत दाराला आतून कडी घालायची, म्हणजे इंटरप्ट बंद ठेवायचे. पण ही चूक शोधणं महाकठीण. हजार वेळा चालवून पाहा, सापडणार नाही. कप्पा नेमका त्या मायक्रोसेकंदात कलला तरच ती दिसते.

हीच धास्ती एड्स्गर डायक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाला 1950 च्या दशकाच्या अखेरीला वाटली होती. इलेक्ट्रोलॉजिका एक्स-1 या डच संगणकासाठी त्यानं इंटरप्ट हाताळणारा प्रोग्रॅम लिहिला आणि 1959 च्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषयही तोच. तोवर संगणकाचा एक मोठा गुण होता. तोच प्रोग्रॅम, तीच माहिती दिली की तीच चूक पुन्हा होणार, म्हणजे पकडता येणार. इंटरप्ट आले आणि हा आधार गेला. बाहेरचं जग केव्हा कडी वाजवेल, याचा भरवसा कोणी द्यायचा?

मोठ्या संगणकात हाच खेळ फार दाट चालतो. सांगलीच्या विश्रामबागेतल्या, 1947 पासून चालत आलेल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा विद्यार्थ्यांचा जुना गट आहे. तिथलंच कशाला, कुठल्याही लिनक्स यंत्रावर प्रॉक नावाच्या फोल्डरातली इंटरप्ट्स ही फाइल उघडून बघावी. कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड, प्रत्येकाची एक ओळ आणि त्यानं आजवर किती वेळा प्रोसेसरला हाक मारली त्याचा आकडा. एक अक्षर टाइप करा, पुन्हा उघडा, आकडा वाढलेला. निवांत पडलेलं वाटणारं यंत्र आत किती हाकांना ओ देत असतं!

हाक आली की प्रोसेसर हातातली सूचना पुरी करतो, आपण कुठे होतो याची खूण ठेवतो आणि एका तक्त्यात बघतो. इंटेल घराण्यात या तक्त्याला 256 घरं. पहिली 32 प्रोसेसरच्या स्वतःच्या अडचणींसाठी राखीव, शून्यानं भागायला सांगितलं वगैरे. बाकीच्यांत बाहेरच्या हाका. घरात लिहिलेल्या पत्त्यावर कर्नल बसलेला असतो. एकाच तारेवर दोन-तीन उपकरणं असली तर तो प्रत्येकाच्या ड्रायव्हरला, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमला विचारतो, "तुझं का?" कोणीच हो म्हणालं नाही तर सोडून देतो, पण नोंद ठेवतो. एक लाख हाकांपैकी 99,900 हून अधिक बेवारस निघाल्या की लिनक्स ती तारच तोडतो आणि नोंदवहीत शेरा मारतो, 'नोबडी केअर्ड'. एवढा कोरडा शेरा सरकारी कचेरीतही वाचायला मिळायचा नाही.

कर्नलची खरी शिस्त यापुढे दिसते. हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात ट्रक येतो. गेटवर काय होतं? आवक नोंदवायची, पावती फाडायची, ट्रक आत. सौदा नंतर, त्याच्या वेळेला. गेटवरचाच माणूस जर हळकुंड मोडून आतला रंग बघायला लागला, तर मागच्या ट्रकांची रांग बाहेरच्या रस्त्यावर जाईल. कर्नल असेच दोन भाग करतो. वरचा भाग म्हणजे गेट: उपकरणाला 'ऐकलं' म्हणायचं, एवढ्यात हरवेल अशी गोष्ट उचलून ठेवायची, राहिलेल्या कामाची चिठ्ठी लिहायची आणि बाजूला व्हायचं. खालचा भाग म्हणजे सौदा, तो चिठ्ठी बघून सवडीनं. वरच्या भागाला एक सक्त मनाई आहे, कशाचीही वाट बघत झोपायचं नाही. डिस्कवरून काही यायचं आहे म्हणून थांबलो, हे तिथे चालत नाही. नवशिक्याचा ड्रायव्हर हमखास इथे आपटतो, आणि त्याच्याबरोबर अख्खं यंत्र.

इतकं करूनही एक दिवस पूर येतोच. एक गिगाबिटच्या नेटवर्क कार्डावर माहितीची अगदी छोटी पाकिटं ओतली तर सेकंदाला सुमारे 14.88 लाख येऊ शकतात. प्रत्येकाला एक इंटरप्ट दिला तर प्रोसेसर नुसता दार उघडत बसतो. आलेलं पाकीट वाचायलाच सवड नाही, तोवर पुढची कडी. यंत्र बंद पडलेलं नसतं, घाम गाळत असतं, आणि पदरात काम शून्य. लिनक्सनं यावर काढलेल्या तोडीचं नाव नापी. पहिल्या पाकिटाची कडी ऐकायची आणि लगेच त्या कार्डाची कडी काढूनच घ्यायची. मग आपणहून खेपा घालायच्या, एका खेपेला सहसा 64 पाकिटांपर्यंत. पाकिटं संपली की कडी पुन्हा बसवायची.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. तीस-चाळीस वर्षं पोलिंगला अडाणी ठरवून इंटरप्टचं कौतुक झालं, आणि ऐन पुरात कर्नल सांगलीकरासारखा बॅटरी घेऊन जिन्याशी जातो. पाणी चढतं आहे हे माहीत असताना कोणी कडी वाजवायची गरज नसते. बघत राहणंच स्वस्त पडतं.

पर्जन्यमापकातला कप्पासुद्धा पुरात चुकतो. कलायला त्याला क्षणाचा काही भाग लागतो आणि तेवढ्यात पडणारी धार भरलेल्या कप्प्यातच जाते. संततधारेत हा हिशेब नगण्य, पण झोडपणाऱ्या पावसात यंत्र कमी पाऊस सांगतं. त्यासाठी तीव्रतेप्रमाणे दुरुस्ती धरावी लागते.

आणि चुकायचा सगळ्यात साधा प्रकार म्हणजे गप्प बसणं. नरसाळ्यात जांभळीचं पान अडकलं, कोळ्यानं आत जाळं केलं की कप्पा हलत नाही. वीज नाही, इंटरप्ट नाही. चिपला वाटतं, ऊन पडलंय. पाऊस नाही आणि यंत्र तुंबलंय, या दोन्हींचा आवाज एकच असतो, म्हणजे आवाजच नसतो. म्हणून अशा केंद्रांत घड्याळाचाही एक इंटरप्ट असतो. ठरल्या वेळी तो चिपला उठवतो आणि काही झालं नसलं तरी 'मी आहे' एवढा निरोप पाठवायला लावतो. निरोपातला पाऊस शून्य आणि शेजारच्या केंद्रावर शंभर, असं दिसलं की कोणाला तरी रेनकोट चढवून वर जावं लागतं. झाकण काढायचं, पान उचलायचं आणि बाटलीतलं थोडं पाणी नरसाळ्यात ओतून कप्पा कलतोय का ते कान देऊन ऐकायचं.