हुंकाराला ओ द्या

रुमानियातल्या अनाथालयांत मुलांना दूध, कपडे मिळत. कडेवर घेऊन बोलणारं हक्काचं माणूस मात्र नव्हतं. २००० साली संशोधक चार्ल्स नेल्सन आणि सहकाऱ्यांनी बुखारेस्टमधल्या अशा १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवली. दोन वर्षांची होण्याआधी घर मिळालेल्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी आठव्या वर्षी घरात वाढलेल्या मुलांसारख्या दिसल्या. उशिरा गेलेल्यांच्या नाहीत. मला हे फार अस्वस्थ करतं. कारण बाळ हुंकारतं, आपण ओ देतो, तेव्हा मज्जापेशींमधले जोड पक्के होत असतात. आणि बाळाच्या या सुरुवातीच्या काळात आईबाबांचाही मेंदू बदलतो. म्हणून नव्या आईबाबांनो, तेल लावताना फोन बाजूला ठेवा, बाळाशी भरपूर बोला. आणि घरच्यांनो, बाळंतिणीला झोपू द्या.