आई नसलेल्या संख्या

१४ घ्या. तिच्यातले अंक १ आणि ४. त्यांची बेरीज ५. हे ५ पुन्हा १४ मध्येच मिळवा. झाले १९. आता १९ ला तेच करायचं: १ आणि ९ मिळून १०, म्हणून १९ अधिक १०, म्हणजे २९. पुढे ४०, मग ४४, मग ५२. रफ वहीचं पान भरेपर्यंत चालू ठेवलंत तरी हा खेळ संपणार नाही.

आपण असं म्हणू, की १४ ही आई आणि १९ ही तिची लेक. १९ ची लेक २९, २९ ची लेक ४०. लेक काढणं अगदी सोपं आहे, दुसरीतल्या मुलालाही जमेल.

आता उलटं विचारते. २१ ची आई कोण?

बघा, लगेच हात थांबला! बेरीज कशी करायची ते ठाऊक होतं, पण मागे कसं जायचं ते कुणी शिकवलेलं नाही. मग काय करायचं? चाचपडायचं. १३ घेऊन बघा: १३ अधिक ४, म्हणजे १७. कमी पडले. १६ घ्या: १६ अधिक ७, म्हणजे २३. जास्त झाले. मधली १५? १५ अधिक ६, बरोब्बर २१. सापडली आई.

मग २० ची आई शोधा. मी थांबते.

१४ ची लेक १९ आणि १५ ची लेक २१. म्हणजे २० ला ओलांडून उडी पडली. १६, १७, १८, १९ यांच्या लेकी तर आणखी पुढे जातात. खाली ९ ची लेक १८ आणि १० ची ११. कुठूनही या, २० वर कुणीच उतरत नाही. २० ला आईच नाही!

अशा संख्यांकडे पहिल्यांदा नीट बघितलं ते नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचं नाव. जन्म १९०५ साली डहाणूचा, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ साली, विद्यार्थी असतानाच, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. पुढे मात्र ते विद्यापीठात वगैरे गेले नाहीत. देवळालीच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवत राहिले आणि उरलेल्या वेळात संख्यांशी खेळत राहिले. शोधांच्या छोट्या पुस्तिका स्वतःच छापायचे. ६१७४ या आकड्याची जादू तुम्ही ऐकली असेल, तीही त्यांचीच. ‘हा कसला पोरखेळ’ म्हणून नाकं मुरडणारे गणिती तेव्हा होतेच. मग १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानं आपल्या गाजलेल्या सदरात कापरेकरांच्या संख्यांबद्दल लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगभर पोचले.

आई नसलेल्या संख्यांना आपल्याकडे स्वयंभू संख्या म्हणतात. जगात त्यांना देवळाली संख्या असंही नाव आहे. गावाचं नाव गणितात जाऊन बसलं, हे मला भारी आवडतं.

चला, आणखी स्वयंभू संख्या शोधू. एकेक करून तपासलंत तर ही यादी मिळेल: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८.

काही दिसलं? २० नंतर ३१, मग ४२, मग ५३. दरवेळी ११ नं पुढे! वर्गात हे दाखवलं की कुणीतरी ओरडतंच, ‘कळलं! पुढची ११९!’

तपासा बरं. १०९ चे अंक १, ० आणि ९, बेरीज १०. १०९ अधिक १०, म्हणजे ११९. अरेच्चा! ११९ ला तर आई आहे. आणि स्वयंभू कोण निघाली? ११०. तेही १०८ च्या जवळ, अगदी खेटून.

इथे बरेच जण वही मिटतात. नियम चुकला, संपलं. माझ्या मते खरी गंमत इथूनच सुरू होते. २० पासून आठ पावलं चाललेला नियम नवव्या पावलाला का मोडला? पुस्तकातली चाळीस उदाहरणं एकाच रीतीनं सोडवताना हा ‘का’ कधी भेटत नाही. सराव हवाच, त्याशिवाय हात वळत नाही. पण रीत आधीच ठाऊक असली तर सोडवायला उरतं काय? निव्वळ आकडेमोड.

तर, का मोडला? सगळ्या लेकी एका ओळीत लिहिल्या तर डोकं गरगरतं. म्हणून दहा-दहा आयांचे गट करू.

० ते ९ यांच्या लेकी: ०, २, ४ असं करत १८ पर्यंत.
१० ते १९ यांच्या: ११, १३, १५ असं करत २९ पर्यंत.
२० ते २९ यांच्या: २२, २४, २६ असं करत ४० पर्यंत.
३० ते ३९ यांच्या: ३३, ३५, ३७ असं करत ५१ पर्यंत.

गटात आई १ नं मोठी झाली की तिचा शेवटचा अंकही १ नं वाढतो. म्हणून लेक २ नं पुढे सरकते. त्यामुळे एका गटातल्या सगळ्या लेकी सम, नाहीतर सगळ्या विषम. पुढच्या गटात आई १० नं मोठी आणि दशकाचा अंक १ नं मोठा, म्हणजे लेक ११ नं पुढे. यादीत सारखे दिसणारे ११ इथून आले!

आता फक्त सम गट बघा. पहिला १८ ला संपतो, दुसरा २२ ला सुरू होतो. मध्ये कोण अडकलं? २०. दुसरा ४० ला संपतो, तिसरा ४४ ला सुरू. अडकली ४२. विषम गटांत २९ आणि ३३ यांच्यामध्ये ३१. दोन गटांच्या फटीत जी सापडते ती स्वयंभू.

आणि १०० पाशी काय होतं? ९० ते ९९ यांच्या लेकी ९९ ते ११७, विषम. पुढचा गट ११ नं पुढे, म्हणजे ११० पासून सुरू व्हायला हवा होता आणि सम असायला हवा होता. पण १०० मध्ये दोन्ही नऊ गळून पडले. अंकांची बेरीज एकदम १८ वरून १ वर घसरली. १०० ची लेक १०१, विषम. झालं, दोन विषम गट एकमेकांवर चढले! तिकडे सम गटांमध्ये मोठी फट पडली, १०६ पासून थेट ११२ पर्यंत. त्या फटीत १०८ आणि ११० दोघी राहिल्या. नियम मोडला तो उगाच नाही, हातच्यामुळे मोडला. बेरजेतला तोच तो हातचा एक, जो लिहायला विसरलात की मार्क जातात. त्यानंतर १२१, १३२, १४३ अशी ११ ची चाल पुन्हा सुरू होते. पुढे कुठे अडखळते, ते तुम्ही शोधा.

गट एकमेकांवर चढले म्हणजे काही लेकींना दोन आया मिळाल्या. १०१ ची एक आई १०० आणि दुसरी ९१ (९१ अधिक १०). देवकी आणि यशोदाच म्हणा ना! आता तुम्ही विचारणार, तीन आया असलेली कुणी आहे का? आहे, पण तिला भेटायला फार लांब जावं लागतं. अशी सगळ्यात लहान संख्या आहे १,००,००,००,००,००,००१, म्हणजे दहा लाख कोटी आणि वर एक. तिच्या तीन आया: १,००,००,००,००,००,०००, मग ९९,९९,९९,९९,९९,९०१ आणि ९९,९९,९९,९९,९९,८९२. विश्वास ठेवू नका, बेरीज करून बघा. कॅल्क्युलेटरवर एवढे आकडे मावतील असं नाही, कागदच बरा.

हे सगळं घरी वापरून बघण्याजोगं आहे. समजा, तुमचा जन्म २०१४ चा. २०१४ च्या आया कोण? फार मागे जायची गरज नाही. अलीकडच्या सालांत अंकांची बेरीज जास्तीत जास्त १९९९ ची, ती २८. म्हणून २८ वर्षं मागे पाहिलं की पुरे. शोधलं की दोन सापडतात: १९८८ (१, ९, ८, ८ मिळून २६) आणि २००६ (२ आणि ६ मिळून ८). याचा अर्थ काय? १९८८ साली जन्मलेला माणूस २०१४ साली २६ वर्षांचा झाला. म्हणजे त्याचं वय आणि त्याच्या जन्मसालातल्या अंकांची बेरीज त्या वर्षी एकच! २००६ साली जन्मलेली मुलगी २०१४ मध्ये ८ वर्षांची झाली, तिचंही तसंच.

मग स्वयंभू वर्षी काय होत असेल? त्या वर्षी वाढदिवसाला वय आणि जन्मसालाच्या अंकांची बेरीज जुळली असा माणूस अख्ख्या जगात एकही नसतो. २००७ साल तसं होतं. त्यानंतर थेट २०२२. मधल्या चौदा वर्षांत एकही नाही, म्हणजे तुम्हा बहुतेकांच्या जन्मसालाला आई आहेच. कुणाची एक, कुणाच्या दोन. २०२२ ला जन्मलेलं धाकटं भावंड घरात असेल तर त्याला मात्र सांगा, तुझं साल स्वयंभू.

पुढचं स्वयंभू वर्ष २०३३. का, ते गट मांडून बघा. एक सूचना देऊन ठेवते: १९९० ते १९९९, २००० ते २००९ आणि २०१० ते २०१९ हे तीन गट आधी लिहून काढा, आणि २००० पाशी किती नऊ गळले ते मोजा.