भरती-ओहोटीचे घड्याळ

निवृत्त झालो त्या दिवशी कचेरीतल्या मंडळींनी मला मनगटी घड्याळ भेट दिले! ज्याला आता कुठेही वेळेवर पोहोचायचे नाही, त्याला घड्याळ! तेहेतीस वर्षे मी डोंबिवलीहून 8.17 ची लोकल गाठली आणि तेहेतीस वर्षे आमच्या सौभाग्यवतींनी त्याआधी डबा भरला.

“अहो, एकदा अंदमानला जाऊ या ना,” असे ती पहिल्यांदा म्हणाली, ते धाकटीच्या बारशानंतर. “पुढच्या वर्षी नक्की!” मी उत्तरलो. मग घराचे हप्ते आले, आईचे आजारपण आले, मुलींची शिक्षणे आली. ते ‘पुढचे वर्ष’ तेवढे येईना.

ते अखेर गेल्या डिसेंबरात आले. पोर्ट ब्लेअरला (2024 पासून त्याचे नाव श्री विजयपुरम) उतरल्यावर आम्ही प्रथम सेल्युलर जेल पाहिला. 1906 साली पुरा झालेला, 698 कोठड्यांचा. सात बराकींपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकर येथे 1911 पासून 1921 पर्यंत होते. ज्या काळ्या पाण्याच्या नुसत्या नावाने आमच्या आजीच्या अंगावर काटा येई, तेथे मी विसाव्यासाठी आलो होतो! बाहेर येईपर्यंत आम्ही एकमेकांशी अक्षरही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी बोटीने नील बेटावर गेलो. 2018 साली त्याचे शहीद द्वीप झाले. जुने नाव मात्र अजून तोंडातून जात नाही. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी वसवलेले हे छोटेसे बेट. किनाऱ्यांची नावे सीतापूर, लक्ष्मणपूर, भरतपूर! भातशेती, भाजीचे मळे, सुपारीच्या बागा. आमची घरमालकीण बंगाली होती. गरम भात आणि माशाचा झोल वाढून ती म्हणाली, “इथे घड्याळ उपयोगी पडत नाही, बाबूजी. समुद्राला विचारायचे.”

खरेच होते ते. घड्याळ आपल्यासारखेच, पण सूर्य मुंबईपेक्षा सुमारे 80 मिनिटे आधी येतो नि जातो. पाच-सव्वापाचला अंधार! आणि ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा. आमच्या लोकलने असे केले असते तर?

लक्ष्मणपूरला खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. बंगाली रहिवासी तिला कौतुकाने ‘हावडा ब्रिज’ म्हणतात. ओहोटीच्या वेळी निसरड्या खडकांवरून तेथे जावे लागते. चार पावले टाकून सौ. थांबली. “माझे गुडघे आता नाही म्हणतात. तुम्ही या बघून.”

मी निघालो. खळग्यांत निळे मासे होते. शिंपल्यांखाली चिमुकले खेकडे होते. वाटाड्या पुनःपुन्हा बजावीत होता, “प्रवाळावर पाय ठेवू नका, ते जिवंत असते.” कमानीपाशी पोहोचलो आणि मागे वळून पाहिले. दूर वाळूवर ती एवढीशी दिसत होती. त्या वेळी प्रथम माझ्या ध्यानी आले: वर्षे मी पुढे ढकलली होती, गुडघे मात्र तिचे झिजले होते.

मी झपाझप परतलो. ती म्हणाली, “सांगा ना, काय पाहिलेत? सगळे सांगा हं, नेहमीसारखे ‘ठीक होते’ नको.”

मी सांगत गेलो. मासे, खेकडे, कमानीतून दिसणारे पाणी. सांगता सांगता काळोख पडला. इतक्या वर्षांत कचेरीतून परतल्यावर तिला मी असे काहीच सांगितले नव्हते. आणि तिच्या दिवसाबद्दल तर विचारलेही नव्हते. त्या रात्री ते विचारले. उत्तर बरेच लांबले, आणि सगळेच गोड नव्हते.

आता डोंबिवलीत रोज पाच-सव्वापाचला आम्ही गॅलरीत चहा घेऊन बसतो. तिकडे बेटावर अंधार झालेला असतो. आमच्याकडे लख्ख ऊन असते. ती बोलते, मी ऐकतो. भेटीचे घड्याळ कपाटात आहे.