नागझिऱ्याची रात्र आणि घटकांचा हिशेब

आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं आजोबा-पणजोबांच्या जन्मपत्रिका जुन्या पेटींत अद्याप जपून ठेवलेल्या असतील. त्यांत ‘सूर्योदयात् गत घटी २४, पळें ३०’ अशा धर्तीची एक ओळ असते. घरांतील वडील मंडळींस तिचा अर्थ कळतो. परंतु रोज संगणकावर शेंकडों आंकडे हाताळणारीं मुलें तिच्यापुढें थबकतात. उलटपक्षीं, तीं मुलें ज्या स्प्रेडशीटमध्यें आपला सारा हिशेब ठेवतात, ती वडिलांस परकी वाटते. वस्तुतः दोन्ही ठिकाणचें कालगणित मुळांत एकच आहे. त्यांत एक गोम मात्र आहे. ती घरांत बसून चटकन् ध्यानांत येत नाहीं, म्हणून पुढें आम्ही वाचकांस गोंदिया जिल्ह्यांतील नागझिऱ्याच्या अरण्यांत नेणार आहों.

दिवस हेंच मूळ माप

आपल्या पंचांगाचें माप अहोरात्र हें होय. त्याचा साठावा भाग घटिका, घटिकेचा साठावा भाग पळ आणि पळाचा साठावा भाग विपळ. दोन घटिकांचा एक मुहूर्त, साडेसात घटिकांचा एक प्रहर. घड्याळाच्या भाषेंत घटिका म्हणजे २४ मिनिटें, पळ म्हणजे २४ सेकंद. अडीच घटिकांचा एक तास. लग्नघरीं घंगाळांत तरंगत ठेवलेलें तळाला छिद्र असलेलें तांब्याचें घटिकापात्र पाहिलेलें ज्यांना आठवत असेल, त्यांना हें माप डोळ्यांनीं दिसलेलें आहे.

आतां स्प्रेडशीटकडे पाहूं. तिच्या चौकटींत आपण वेळ लिहितों, तेव्हां ती यंत्राच्या पोटांत तास-मिनिटें म्हणून राहत नाहीं. यंत्र संपूर्ण दिवसास १ मानतें. सकाळचे सहा म्हणजे ०.२५, मध्यान्ह म्हणजे ०.५, सायंकाळचे सहा म्हणजे ०.७५. म्हणून रूपांतराचीं सूत्रें अगदीं सोपीं आहेत. ए२ या चौकटींत कालावधि असेल, तर तासांसाठीं =ए२*२४, मिनिटांसाठीं =ए२*१४४०, सेकंदांसाठीं =ए२*८६४००; घटिकांसाठीं =ए२*६० आणि पळांसाठीं =ए२*३६००. (हीं अक्षरें यंत्रावर रोमन लिपींत टंकावयाचीं, फुलीऐवजीं तारका हें गुणाकाराचें चिन्ह.) उत्तराच्या चौकटीचें रूप ‘वेळ’ असें न ठेवतां ‘संख्या’ असें ठेवावें, नाहीं तर बरोबर उत्तरही विचित्र दिसतें.

दिवसांची मोजदादही तशीच आहे. गणेश दैवज्ञांनीं शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हा आरंभ धरून ‘ग्रहलाघव’ रचलें, त्यांत आरंभापासून लोटलेल्या दिवसांची संख्या, म्हणजे अहर्गण, काढून त्यावरून ग्रहांचें गणित केलें आहे; संख्या फुगूं नये म्हणून ४०१६ दिवसांचें एक चक्र योजिलें आहे. एक्सेलही अहर्गणच मोजतें. त्याचा आरंभ १ जानेवारी १९०० हा. त्याच्या लेखीं १५ ऑगस्ट १९४७ हा १७३९४ वा दिवस. मात्र १९०० सालीं नसलेली २९ फेब्रुवारी ही तारीख त्यानें गणनेंत धरली आहे, म्हणून त्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांच्या तारखांबाबत त्यावर विसंबूं नये.

पत्रिकेंतील ओळ

वरील ओळ घेऊं. सूर्योदय ६ वाजून १२ मिनिटांनीं झाला असेल, तर ए२ मध्यें ६:१२, बी२ मध्यें घटी २४, सी२ मध्यें पळें ३० लिहावीं आणि =ए२+बी२/६०+सी२/३६०० हें सूत्र घालावें. उत्तर येतें दुपारचे चार. उलट जावयाचें तर चारांतून ६:१२ वजा करून साठानें गुणावें; २४.५ येतील. पूर्णांक ती घटी. उरलेला अर्धा पुन्हां साठानें गुणला कीं ३० पळें.

येथवर गुणाकार आहे, आणि तो यंत्र निमूटपणें करतें. परंतु मूल पहांटे २ वाजून ३६ मिनिटांनीं जन्मलें तर? २:३६ मधून ६:१२ वजा जात नाहींत. यंत्र चौकटभर जाळीदार चिन्हें उमटवून स्वस्थ बसतें.

मचाणावरची अडचण

हीच अडचण नागझिऱ्यास कशी भेटते तें पाहा. हें अरण्य १९७० सालीं अभयारण्य झालें आणि २०१३ सालीं नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पांत आलें. वैशाखी पौर्णिमेस, म्हणजे बुद्धपौर्णिमेस, पाणवठ्याजवळील मचाणांवर बसून रात्रभर जनावरांची नोंद करण्याची रीत महाराष्ट्राच्या अरण्यांत आहे. वैशाखांत पाणी आटलेलें असतें, त्यामुळें जनावर पाणवठ्यावर येतें. आणि चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवून रात्रभर उजेड देतो. (पुढें तो रोज सुमारें दोन घटिका उशिरा उगवतो.) व्याघ्रगणना आतां स्वयंचलित कॅमेऱ्यांनीं टिपलेल्या पट्ट्यांवरून होते, तरी वेळेची नोंद दोन्हींकडे सारखीच महत्त्वाची.

समजा, एक वाघीण ११ वाजून ४८ मिनिटांनीं पाण्यावर आली आणि १२ वाजून २४ मिनिटांनीं गेली. माणूस चटकन् म्हणेल, ३६ मिनिटें, दीड घटिका. यंत्राला मात्र वाघीण येण्यापूर्वींच गेलेली दिसते! कारण त्याचा दिवस मध्यरात्रीं तुटतो. उपाय =मॉड(बी२-ए२,१) हा. या सूत्रानें वजाबाकी उणी आली तर एक पूर्ण दिवस मिळविला जातो, उत्तर ०.०२५, त्यास १४४० नें गुणलें कीं ३६. पहांटेच्या त्या मुलासही हाच उपाय लागूं पडतो. त्याच्या ५१ घटी येतात, पण त्या आदल्या दिवसाच्या सूर्योदयापासून.

येथेंच ती गोम आहे. शाळेच्या दाखल्यावर त्या मुलाचा वार मंगळवार असेल, तर पंचांगाप्रमाणें तो सोमवार. आणि दोन्ही खरे. दिवस कोठें सुरू होतो हें ज्याचें त्यानें ठरविलेलें असतें. सूत्र तें सांगत नाहीं. पांच रात्री तेरा-तेरा तास पहारा झाला तर बेरीज ६५ तास. पण यंत्र दोन दिवस गाळून १७ दाखवितें. रूप ठरवितांना तासाच्या अक्षराभोवतीं चौकोनी कंस घातला कीं पूर्ण ६५ दिसतात.

कोणत्या गांवची वेळ?

भारताची प्रमाण वेळ १९०६ पासून ८२॥ अंश रेखांशाची आहे. मुंबईंत मात्र जुनी स्थानिक वेळ १९५५ पर्यंत टिकून होती. नागझिरा सुमारें ८० अंशांवर. म्हणून तेथील सूर्य प्रमाण घड्याळाच्या सुमारें १० मिनिटें मागें, तर मुंबईचा ३९ मिनिटें मागें. दर सहा अंशांस एक घटिका. नागझिऱ्याच्या परिसरांतील एखाद्या घराच्या पत्रिकेस मुंबईचा सूर्योदय लावला, तर सुमारें १ घटी १२ पळांचा फरक पडतो. तेवढ्या काळांत लग्न सरासरी सात अंश पुढें सरकतें. मचाणांवरही घड्याळें जुळलेलीं नसलीं, तर एकाच वाघिणीची दोन पाणवठ्यांवर दोनदां मोजणी होण्याचा संभव असतो. फलज्योतिषावर कोणाचा विश्वास असो वा नसो, नोंद खोटी होऊं नये एवढें तरी सर्वांस मान्य व्हावें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, येत्या सुटींत घरांतील वडिलांनीं व मुलांनीं मिळून एक तक्ता करावा. नांव, गांव, त्या गांवचा त्या दिवसाचा सूर्योदय, घटी, पळें, आणि सूर्योदय कोणत्या घड्याळानें धरला तें, असे सहा रकाने पुरेत, सातव्यांत सूत्र. गांव आणि घड्याळ हे दोन रकाने वडिलांनींच भरावे, कारण तें ज्ञान अद्याप त्यांच्यापाशींच आहे, आणि त्यांच्या मागें तें कोणत्याही यंत्रांत सांपडणार नाहीं.