साठीनंतरचा दम

रोबेर मार्शां यांचा जन्म १९११चा, फ्रान्समधल्या आमियाँचा. उंची जेमतेम पाच फूट. तरुणपणी प्रशिक्षकाने तोंडावर सांगितलं की सायकलिंगमध्ये तुझं काही होणार नाही. मग अग्निशमन दलातली नोकरी, व्हेनेझुएलात ट्रक चालवणं, कॅनडात लाकूडतोड असे नाना उद्योग करून हे गृहस्थ साठी उलटल्यावर पुन्हा सायकलवर बसले. २०१२ मध्ये, शंभरी पूर्ण केल्यावर, त्यांनी ट्रॅकवर तासाभरात २४ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर कापलं. दोन वर्षांनी, १०२व्या वर्षी, त्याच एका तासात २६.९२७ किलोमीटर.

मधल्या काळात फ्रेंच शास्त्रज्ञ त्यांना प्रयोगशाळेत तपासत होते. मनगटावर घड्याळ बांधणाऱ्या प्रत्येक धावपटूला हल्ली ‘व्हीओटू मॅक्स’ हा आकडा पाठ असतो. पूर्ण जोर लावल्यावर शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं, त्याचं ते माप. तिशीनंतर हा आकडा दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी उतरतो. नेटाने व्यायाम करणाऱ्यांचा जरा सावकाश उतरतो, पण उतरतो. मार्शांचा ३१वरून ३५वर गेला. वजन तेच होतं. हृदयाचे कमाल ठोकेही जवळपास तेवढेच राहिले. पायांची ताकद मात्र ९० वॅटवरून १२५ वॅटवर गेली, आणि त्यातला मोठा वाटा पॅडल भराभर मारता येऊ लागल्याचा होता.

वर्षाकाठी सुमारे ५,००० किलोमीटर सायकलिंग. त्यातलं ८० टक्के आरामात, २० टक्के चांगलंच दमवणारं. एवढाच त्यांचा कार्यक्रम. एका माणसावरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही आणि १०९ वर्षं जगणाऱ्या माणसाची आनुवंशिकताही आपल्याला उसनी मिळत नाही. तरीही ८०-२० ही विभागणी ऑलिंपिकच्या तयारीतल्या धावपटूंमध्येही साधारण अशीच आढळते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. आपल्याकडच्या पहाटेच्या ग्रुपमध्ये नेमकं उलट चालतं. रोज सगळे एकाच मधल्या पेसने पळतात: गप्पा माराव्यात इतका हळू नाही आणि खरा दम लागावा इतका जोरात नाही. साठीनंतर याचा तोटा दुप्पट. थकवा पुरता साठतो आणि हृदयाला, पायांना नवं आव्हान काही मिळत नाही. सोपी कसोटी अशी, की हळू दिवशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत आणि जोराच्या दिवशी तीन-चार शब्दांवर अडलं पाहिजे.

घड्याळातल्या ठोक्यांवर मात्र डोळे मिटून विसंबू नका. वयानुसार कमाल ठोके कमी होतात. कितीही सराव केला तरी ते थांबत नाही. ‘२२० वजा वय’ हे प्रसिद्ध सूत्र पासष्टीला १५५ सांगतं; २००१ मध्ये मांडलेलं ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ हे सूत्र १६२ सांगतं; आणि प्रत्यक्ष माणूस दोन्हींपासून दहा-बारा ठोक्यांनी इकडे-तिकडे असू शकतो. त्यात रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल, तर ही गणितं निकालातच निघतात.

दम टिकवण्याच्या नादात स्नायूंकडे कुणी बघत नाही. वयाबरोबर झिजतात ते मुख्यतः जलद आकुंचन पावणारे तंतू. चढ चढताना, ठेच लागल्यावर तोल सावरताना हेच कामाला येतात, आणि संथ लाँग रन त्यांना हातही लावत नाही. त्यासाठी वजनंच उचलावी लागतात. बॉस्टनमध्ये १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा अशक्त माणसांनी आठ आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तेव्हा ‘या वयात कसली जिम’ हा युक्तिवाद तिथेच संपतो.

आता ताटाकडे. वयस्कर स्नायू प्रथिनांना लवकर दाद देत नाहीत. तरुणाच्या स्नायूंना एका जेवणात दर किलो वजनामागे पाव ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात. सत्तरीत तेवढ्याच परिणामासाठी सुमारे ०.४ ग्रॅम लागतात. पासष्ट किलोच्या माणसाला हे झाले एका वेळचे २६ ग्रॅम. आणि आपण खातो काय? कांदेपोहे आणि चहा, मिळून सहा-सात ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, भाजी, भात आणि आमटी. आमटीत डाळ किती आहे, हे बऱ्याच घरी पळीने ढवळून शोधावं लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२०मध्ये सामान्य प्रौढासाठी दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅमची शिफारस केली. नियमित पळणाऱ्या ज्येष्ठांनी १.२ ग्रॅमच्या खाली राहू नये, असं तज्ज्ञांचं मत आहे. वरच्याच माणसाच्या बाबतीत ५४ ग्रॅम आणि ७८ ग्रॅम असा हा फरक.

त्यासाठी प्रोटीन पावडरचा महागडा डबा लागतोच असं नाही. दोन अंडी, ग्लासभर दूध आणि मूठभर शेंगदाणे इतक्यात पंचवीस ग्रॅमपर्यंत पोचता येतं. शाकाहारी माणसाने बेसनाची दोन जाड धिरडी, सोबत वाटीभर दही आणि सढळ हाताने शेंगदाण्याची चटणी घेतली, तरी हिशेब जमतो. उपासाची साबुदाण्याची खिचडी खाऊन लाँग रनला निघणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की त्यातली प्रथिनं बहुतेक सगळी दाण्याच्या कुटाची. साबुदाणा नुसता स्टार्च. पिष्टमय पदार्थ वाईट नाहीत, दीड-दोन तास पळायला तेच लागतात, पण झिजलेला स्नायू त्यांनी भरून निघत नाही. अंडी-दूध दोन्ही न घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावं. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारणं आलंच.

या सगळ्याला छेद देणारा माणूसही आहे. कॅनडाचे एड व्हिटलॉक २००४ मध्ये, ७३व्या वर्षी, टोरांटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत धावले. सराव घराजवळच्या कब्रस्तानात, तासन्‌तास संथ फेऱ्या मारत. वजनं नाहीत, खास आहार नाही. ८५व्या वर्षीही त्यांनी चार तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण केली. त्यांचं कौतुक जरूर करावं. अनुकरण मात्र आपला गुडघा कुठवर साथ देतो ते पाहून करावं.

तहानेची जाणीव वयाबरोबर बोथट होते, म्हणून मुंबईच्या दमट हवेत आठवणीने प्यावं. पण शर्यतीत पाण्याच्या दर टेबलावर नुसतं पाणी ढोसत गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मीठ घातलेलं लिंबू सरबत बरं. धावताना छातीत दडपण आलं किंवा ठोके अनियमित वाटले, तर तिथेच थांबून हृदयतज्ज्ञाकडे जावं, पदक राहिलं तरी चालेल.

आणि विश्रांती. जोराच्या व्यायामानंतर पंचविशीत एक दिवस पुरतो, साठीत दोन-तीन लागतात. हे सगळं सात दिवसांत कोंबायला गेलं की दुखापत ठरलेली. म्हणून काही प्रशिक्षक ज्येष्ठांसाठी नऊ-दहा दिवसांचा ‘आठवडा’ आखतात. लाँग रन रविवारीच, हा नोकरदारांचा नाइलाज. पेन्शनरांनी तो बुधवारी केला तर रस्तेही जरा मोकळे मिळतील.