वार्षिक टांगणीचे दशक : अमेरिका-चीन व्यापाराचा मागोवा

एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने चिनी मालावरील वाढीव आयातशुल्क 145 टक्क्यांवर नेले, चीनने उत्तरादाखल 125 टक्के शुल्क लावले आणि मे महिन्यात जिनिव्हातील वाटाघाटींनंतर दोघांनीही ते तात्पुरते उतरवले. ज्या अनिश्चिततेतून हा व्यापार 25 वर्षांपूर्वी मोठ्या प्रयासाने बाहेर काढण्यात आला होता, तिच्यातच तो पुन्हा लोटला गेला.

अमेरिकेच्या 1974 च्या व्यापार कायद्यातील जॅक्सन-व्हॅनिक तरतुदीनुसार, नागरिकांना देशांतर करू न देणाऱ्या साम्यवादी देशांना ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्रा’चा दर्जा, म्हणजे बहुतेक अन्य देशांना लागू असणारे सवलतीचे शुल्कदर, नाकारला जाई; राष्ट्राध्यक्षांना मात्र वर्षापुरती सूट देता येई. चीनला हा दर्जा 1980 मध्ये मिळाला आणि पुढील काही वर्षे त्याचे नूतनीकरण फारशा वादाविना होत राहिले.

जून 1989 मधील तिआनानमेनच्या हत्याकांडाने हे चित्र पालटले. त्यानंतरच्या दशकात दर उन्हाळ्यात अमेरिकी काँग्रेसमध्ये हा वाद पेटत असे: 1992 मध्ये थोरल्या बुश यांनी अटी घालणारी विधेयके नकाराधिकाराने रोखली, क्लिंटन यांनी 1993 मध्ये नूतनीकरण मानवी हक्कांशी जोडले आणि 1994 मध्ये स्वतःच ती सांगड सोडली. सूट गेली असती, तर 1930 च्या स्मूट-हॉली कायद्यातील जबर दर लागू झाले असते, त्यामुळे आयातदार आणि गुंतवणूकदार वर्षानुवर्षे टांगणीला लागले होते.

नोव्हेंबर 1999 च्या द्विपक्षीय करारात शेतमाल व औद्योगिक वस्तूंवरील शुल्क घटवण्याचे आणि बँकिंग, विमा व दूरसंचार ही क्षेत्रे खुली करण्याचे चीनने मान्य केले, तर अमेरिकेने चिनी मालावरील आपले दर न घटवता केवळ वार्षिक फेरविचार सोडण्याची तयारी दाखवली. प्रतिनिधिगृहाने 24 मे 2000 रोजी 237 विरुद्ध 197 मतांनी, सिनेटने सप्टेंबरमध्ये 83 विरुद्ध 15 मतांनी कायमस्वरूपी सामान्य व्यापारसंबंधांना मान्यता दिली आणि 11 डिसेंबर 2001 रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला.

व्यापारामागून राजकीय स्वातंत्र्य येईल, हे समर्थकांचे आश्वासन साफ फोल ठरले आणि त्याने एका भक्कम आर्थिक युक्तिवादाची विश्वासार्हता घालवली. कामगार संघटनांचा रोजगाराबाबतचा इशाराही खरा ठरला; ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी चिनी आयातीशी थेट स्पर्धा करणाऱ्या उद्योगांच्या परिसरातील रोजगाराची दीर्घकाळ न भरलेली हानी दाखवून दिली. परंतु हा दोष संबंध सामान्य करण्याचा नव्हे, तर झालेल्या लाभातून विस्थापित कामगारांना पुरेसा वाटा न देण्याचा होता. त्यांच्यासाठीची साहाय्य योजना आधीच तोकडी होती आणि 2022 मध्ये तिची मुदतही संपू देण्यात आली. शुल्काच्या चढउताराने त्या कामगारांना न्याय मिळत नाही. त्यांना प्रशिक्षण व उत्पन्नाचा आधार आणि व्यापाराला स्थिर नियम, या दोन्ही गोष्टी एकत्र देणे हाच 2000 चा अपुरा राहिलेला निर्णय पूर्ण करण्याचा मार्ग आहे.