भिंती वाचायला तिकीट लागत नाही : वॉर्सातले जुने शहर

वॉर्साच्या जुन्या शहरातला बाजारचौक तीनशे-चारशे वर्षांचा वाटतो. उतरती छपरे, रंगीत दर्शनी भिंती, मधोमध तलवार उगारलेली जलपरी. प्रत्यक्षात हा चौक नव्याने बांधून लोकांसाठी खुला झाला तो 22 जुलै 1953 रोजी. 1944 च्या ऑगस्टमध्ये शहराने नाझींविरुद्ध उठाव केला, तो 63 दिवस चालला. लढाईत आणि नंतर ठरवून केलेल्या विध्वंसात या भागाचा 85 टक्क्यांहून अधिक हिस्सा जमीनदोस्त झाला. राजवाडा तर भिंतींना भोके पाडून, सुरुंग लावून उडवला.

मग हे जुने शहर पुन्हा उभे राहिले कशावरून? युद्धाआधी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी घरांची मापे घेऊन आराखडे काढले होते. यान झाख्वातोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जळत्या शहरातून बाहेर काढून पिओत्रकुवच्या मठात लपवले. जोडीला होती बेर्नार्दो बेलोत्तो या अठराव्या शतकातल्या चित्रकाराची शहरदृश्ये. विटा कमी पडल्या, तेव्हा व्रोत्सवाफसारख्या दुसऱ्या उद्ध्वस्त शहरांतून आणल्या. मात्र ही हुबेहूब नक्कल नाही. एकोणिसाव्या शतकात दाटीवाटीने वाढलेली मागची बांधकामे पुन्हा उभारली नाहीत, अंगणे मोकळी ठेवली आणि जुन्या दर्शनी भिंतींमागे राहण्याजोगी नवी घरे बांधली. 1980 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले, ते या पुनर्बांधणीलाच.

म्हणूनच मला वाटते, बेताच्या पैशांत पाहण्यासाठी यासारखे ठिकाण क्वचितच सापडेल. इथला खरा ऐवज रस्त्यावर, उघड्यावर आहे. राजवाड्याच्या बाजूला झिग्मुंट स्तंभाचे जुने, मोडलेले दगडी खांब आडवे पडले आहेत. सेंट जॉन कॅथेड्रलच्या भिंतीत जर्मन युद्धयंत्राच्या साखळीपट्ट्याचा तुकडा बसवला आहे. तटबंदीजवळ मोठ्यांचे शिरस्त्राण घातलेल्या बालसैनिकाचा पुतळा आहे. क्राकोव्स्किए प्शेदमिएश्चिए या रस्त्यावर बेलोत्तोच्या चित्रांच्या प्रतिकृती लावल्या आहेत. चित्र पाहायचे, मान वळवायची आणि समोरची इमारत ताडून बघायची. यात अर्धा दिवस सहज जातो, खर्च शून्य.

पैसे खर्च करायचेच तर राजवाड्यात करावेत. बेलोत्तोची मूळ चित्रे तिथे आहेत. राजवाड्याच्या पुनर्बांधणीचा निर्णय 1971 मध्ये झाला आणि ती लोकवर्गणीतून झाली. मनोऱ्यावरचे घड्याळ 1939 च्या बॉम्बवर्षावात 11 वाजून 15 मिनिटांनी थांबले होते. 1974 मध्ये त्याच वेळेपासून ते पुन्हा चालू केले. राजवाड्यात बुधवारी आणि वॉर्सा संग्रहालयात गुरुवारी विनामूल्य प्रवेशाची प्रथा आहे. हे दिवस बदलू शकतात, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळ पाहून घ्यावे. ब्झोझोवा रस्त्यावरचे छोटे वारसा केंद्र चुकवू नका. विध्वंस आणि बांधणीची सगळी कहाणी तिथे नीट उलगडते.

शोपँ विमानतळावरून 175 क्रमांकाची बस शहराच्या मध्यात आणून सोडते. टॅक्सीची गरज नाही. एकाच तिकिटावर बस, ट्राम, मेट्रो चालते; दिवसभर फिरायचे तर 24 तासांचे तिकीट घ्यावे आणि पहिल्या प्रवासात ते यंत्रात छापून घ्यायला विसरू नये. जुने शहर मात्र पायीच पाहायचे.

चौकातली उपाहारगृहे महाग. बार्बिकनपाशी ‘बार म्लेच्नी’ म्हणजे सरकारी अनुदानावर चालणारी साधी खाणावळ आहे. खिडकीशी पैसे भरायचे, ताट स्वतः उचलायचे. करंजीसारखे दिसणारे पिएरोगी मागवताना ‘रुस्किए’ म्हणावे. त्यात बटाटा आणि ताजे चीज असते. वरून डुकराच्या चरबीचे तुकडे घालू नका, हे शाकाहाऱ्यांनी आधीच सांगावे.

एक जागा मराठी माणसाने आवर्जून पाहावी. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळीवडे छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांतल्या बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. त्या आश्रयाबद्दल कोल्हापूरचे आभार मानणारा स्मृतिफलक वॉर्सात, मोन्ते कासिनो स्मारकाजवळ आहे. जुन्या शहरातून तिथे चालत जाता येते. जरूर जा.